तापीचं पाणी समुद्रात जाऊन करतं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात गुजरातेतल्या उकाई धरणाच्या खालच्या तापीवर, म्हणजे सुरतपासून डुमस-हजिऱ्यापर्यंतच्या पट्ट्यावर, आपण एक पान दिलं होतं. त्यात मी लिहिलं होतं की मोठी धरणं झाली की नदीच्या मुखाशी मासे, कोळंबी, गाळ, किनारा हे सगळंच बदलतं, आणि समुद्राला मिळालेलं पाणी फुकट गेलं असं समजू नका. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळचं सदर पूर्ण त्याच विषयाला देतेय. काही जण रागावलेत, आणि तो राग मला समजतो कारण मी पण याच पट्ट्यातली, मार्च लागला की टँकर कुठे सुरू झाला याची चौकशी करणाऱ्या घरातली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, सगळे घेता आले नाहीत.

प्रश्न (चोपडा): ताई, तापीनं पानी समुद्रमा जास, ते वाया जास का नही? आमच्या विहिरी जानेवारीतच तळ दाखवतात, केळी सोडून द्यायची वेळ येते आणि तुम्ही म्हणता समुद्रालाही पाणी पाहिजे. समुद्राला काय पाण्याची कमी आहे का?

उत्तर: दादा, समुद्राला पाण्याची कमी नाही, गोड्या पाण्याची आहे, आणि तीपण सगळ्या समुद्राला नाही, नदीच्या मुखाजवळच्या पट्ट्याला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. नदी जिथे समुद्राला भेटते तिथे गोडं आणि खारं मिसळून मचूळ पाणी तयार होतं, त्या जागेलाच आपण खाडी म्हणतो, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी माशांचं बालपण त्या मचूळ पाण्यात जातं. कोळंबीचंच घ्या. बाजारातल्या मोठ्या समुद्री कोळंब्या अंडी घालतात ती बाहेर समुद्रात, पण पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या मुळांमध्ये आणि चिखलात काही महिने वाढतात, मग परत समुद्रात जातात. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा बरोबर उलटा, तो राहतो नदीत पण त्याची अगदी लहान पिल्लं मचूळ पाण्याशिवाय जगतच नाहीत. आणि पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात, तो समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात पूर आला की अंडी घालायला नदीत वर चढतो. या तिघांनाही नदी आणि समुद्र दोन्ही लागतात, मध्ये भिंत आली किंवा गोड्या पाण्याची धार आटली की त्यांचं गणित मोडतं.

हे झालं पाण्याचं. दुसरी गोष्ट गाळाची. रांजणात गढूळ पाणी ठेवलं की माती तळाला बसते आणि वरचं पाणी नितळ होतं, धरणात तेच होतं, फक्त कित्येक किलोमीटरच्या रांजणात. आपली काळी माती, पूर्णेच्या खोऱ्यातली वऱ्हाडची माती, सातपुड्याच्या नाल्यांतली वाळू हे सगळं पूर्वी पुराबरोबर खंबातच्या आखातात जायचं, तिथल्या चिखलाच्या मैदानांना आणि खारफुटीला दरवर्षी नवा थर मिळायचा. आता त्यातलं बरंचसं भुसावळजवळच्या हतनूर धरणात आणि त्याहून जास्त उकाईत बसतं. जगभरचा हिशेब बघितला तर चक्रावून जायला होतं: माणसानं जंगल तोडलं, जमीन नांगरली, त्यामुळे नद्यांमध्ये वर्षाला २०० कोटी टनांहून जास्त माती जादा येते, तरीसुद्धा समुद्रापर्यंत पोचणारी माती पूर्वीपेक्षा वर्षाला सुमारे १४० कोटी टन कमी झालीये, कारण धरणं ती अडवतात.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे पाण्यात विरघळलेलं खाद्य. नत्र आणि स्फुरद तुम्हाला खताच्या गोणीमुळे माहितीच आहे. समुद्रातल्या वनस्पतीही त्यावरच वाढतात, त्या साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या असतात आणि त्यांना प्लवक म्हणतात. त्यातल्या डायटम नावाच्या जातीला सिलिका पण लागते, खडकातून झिजून नदीत येणारी, कारण तिचं कवचच काचेसारख्या सिलिकाचं असतं. डायटम खाऊन बारीक जीव वाढतात, ते खाऊन तारलीसारखे मासे, ते खाऊन मोठे मासे. धरणात पाणी महिनोन्महिने उभं राहिलं की डायटम तिथेच वाढतात, तिथेच मरतात आणि सिलिका घेऊन गाळात बसतात, म्हणजे समुद्राच्या वाटणीची सिलिका वरच्यावर संपते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण नाईल नदीचं आहे. इजिप्तमध्ये दर वर्षी पूर यायचा, त्या पाण्याबरोबर भूमध्य समुद्रात डायटमची बहार यायची आणि तिच्या मागोमाग तारलीचे थवे. १९६२ साली तिथल्या कोळ्यांनी १८,००० टनांच्या आसपास तारली पकडली होती. १९६४ मध्ये आस्वानच्या मोठ्या धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि १९६८ मध्ये तोच आकडा ५०० टनांच्याही खाली आला. सहा वर्षांत! धरण बांधून पूर्ण व्हायला १९७० उजाडलं, त्याच्या आधीच मासेमारी बसली होती. पुढे १९८० नंतर तिथे मासे परत वाढले हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. पण ते वाढले शेतातल्या खतांचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं पाणी समुद्रात जायला लागलं म्हणून, नाईलचा पूर परत आला म्हणून नाही.

तुमची विहीर आटते त्याचं दुःख खरं आहे दादा, त्यावर मी खाली चाळीसगावच्या पत्रात बोललेय, ते पण वाचा.

प्रश्न (भुसावळ): दर पावसाळ्यात हतनूरचे ४१ च्या ४१ दरवाजे उघडले अशी बातमी येते. लाखो क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाखो घनफूट, पाणी खाली जातं. मग समुद्राला पाणी मिळत नाही असं कसं म्हणता?

उत्तर: प्रश्न एकदम योग्य आहे. हतनूरची साठवण ३८८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पावणेचौदा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, ते धरण तापीसारख्या नदीच्या मानाने लहानच, त्यामुळे दरवाजे उघडावेच लागतात. पण तुमच्याकडून सुटलेलं पाणी थेट समुद्रात जात नाही, ते सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज, म्हणजे दारं असलेले बंधारे, ओलांडून उकाईत जातं, आणि उकाईची साठवण बांधताना ७,४१४ दशलक्ष घनमीटर होती, म्हणजे हतनूरच्या १९ पट! १९७२ पासून तापीच्या पाण्याचं खरं कुलूप तिथे आहे. ते भरेपर्यंत खाली फार काही जात नाही.

आता यात मेख अशी की धरण रिकामं असतं जून-जुलैमध्ये. म्हणजे पहिला पूर, तोच गढूळ, पालापाचोळा, शेतातली माती, खनिजं घेऊन येणारा पूर, पूर्ण आत जातो. खाली पाणी सुटतं ते धरण भरत आल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरला, आणि तेही गाळ बसून नितळ झालेलं. पाला माशाला वर चढायची खूण मिळते ती पहिल्या पुरांची, पाणी गोडं होतंय, गढूळ होतंय, जोर वाढतोय यावरून. ती खूणच उशिरा आली किंवा आली नाही तर मासा काय करणार? त्यामुळे वर्षाच्या बेरजेत किती पाणी समुद्रात गेलं एवढ्यावर मोजणं चुकीचं आहे, ते कोणत्या महिन्यात गेलं आणि त्यात काय होतं हे पण बघावं लागतं. वीजनिर्मितीच्या धरणांखाली उलटाच प्रकार होतो, उन्हाळ्यात जिथे नदी बारीक असायची तिथे रोज ठराविक वेळेला पाणी सुटतं, आणि खाडीतल्या जिवांना तो चढउतारही मानवत नाही.

पुरापासून बचाव हा धरणाचा मोठा उपयोग आहे हे मी नाकारत नाही. पण २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडालं तेव्हा उकाई भरत आलेलं असताना वरून प्रचंड पूर आला आणि एकदम पाणी सोडावं लागलं. भरलेलं धरण पूर अडवू शकत नाही. म्हणून सुरुवातीच्या पुरातलं थोडं पाणी खाली जाऊ देणं, धरणात जागा राखणं, हे सुरतेच्या लोकांसाठी पण चांगलं आणि खाडीसाठी पण.

प्रश्न (नवापूर): आमची जमीन उकाईच्या फुगवट्यात गेली. आता आम्ही त्याच पाण्यात जाळं टाकतो. रोहू, कटला मिळतो, चार पैसे होतात. धरणामुळे मासे कमी झाले असं आम्हाला तरी दिसत नाही.

उत्तर: भाऊ, तुमचं म्हणणं तुमच्या ठिकाणी खरं आहे. मोठ्या जलाशयात मासे वाढतात, त्यात बीज सोडलं की रोहू, कटला, मृगळ चांगले होतात. सरदार सरोवराच्या फुगवट्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पण आदिवासी बांधवांनी मासेमारी संस्था उभ्या केल्यात, जमीन गेल्यावर तेवढा तरी आधार. तो आधार कुणी काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही, उलट फुगवट्यातल्या माशांवर पहिला हक्क बुडीतातल्या माणसांचाच असायला हवा, बाहेरच्या ठेकेदाराचा नाही.

पण तुमच्या जाळ्यात जे आलं ते खाडीतल्या कोळ्याच्या जाळ्यातून गेलेल्याची भरपाई नाही करत. मासे वेगळे आणि माणसंही वेगळी. भरूचजवळ भाडभूत नावाचं गाव आहे, नर्मदेच्या मुखाशी, पाल्याच्या मासेमारीसाठी नावाजलेलं, पावसाळ्याचे दोन-तीन महिने तिथली घरं वर्षभराचं कमवायची. नर्मदेचं पाणी वर अडलं, खाली नर्मदा लवादाच्या काळापासून धरलेला ६०० क्युसेकचा किमान प्रवाह एवढ्या मोठ्या खाडीला फारच कमी पडतो, भरतीचं खारं पाणी आत आत यायला लागलं, विहिरी मचूळ झाल्या आणि पाला घटला. आता तिथेच खारं पाणी अडवायला बॅरेजचं काम हाती घेतलंय. शेतीला आणि शहरांना त्याचा फायदा होईल, पण पाल्याच्या वाटेत ती आणखी एक भिंत. कोळी बांधवांनी विरोध केला तो उगाच नाही. आणि बघा, तुमची जमीन गेली तेव्हा भरपाईच्या यादीत निदान बुडीत गाव असं लिहिण्याची सोय होती. धरणाखाली शंभर-दीडशे किलोमीटरवर ज्याचं जाळं रिकामं झालं त्याच्यासाठी कागदावर रकानाच नव्हता.

प्रश्न (अमळनेर, आठवडे बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या ताई): बोंबील केवढे महाग झाले! गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं. हे पण धरणांमुळेच का?

उत्तर: ताई, थोडं असेल, पण सगळं नाही, आणि जे नाही ते धरणावर ढकलणं मला पटत नाही. बोंबील आपल्या देशात सगळीकडे नाही मिळत, रत्नागिरीच्या वर मुंबई, पालघर, गुजरातचा किनारा, आणि मग थेट आंध्र-ओडिशा-बंगालकडे. हा गढूळ, चिखलाच्या तळाचा, नद्यांच्या मुखाकडे खायला येणारा मासा, त्यामुळे नदीच्या गाळाशी आणि गोड्या पाण्याशी त्याचा संबंध आहेच. जवळ्याचंही तसंच. पण बोंबील धरतात ते डोल जाळ्यानं, आणि त्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक झाले की पिल्लंसुद्धा येतात, बोटी वाढल्या, डिझेल वाढलं, ट्रॉलरनी तळ खरवडला, समुद्राचं पाणी तापतंय, शहरांचं आणि कारखान्यांचं घाण पाणी खाडीत जातंय. शिवाय १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा माल कमीच. यातलं कशामुळे किती भाव वाढला हे वेगळं काढून सांगता येत नाही. पावसाळ्याआधी साठा करून ठेवा, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न (पाचोरा): गिरणेची वाळू रात्रंदिवस उपसली जाते. ही वाळू समुद्रात गेली असती का? आणि धुळ्याच्या एका विद्यार्थ्याचा जोडप्रश्न: धरणामुळे किनाऱ्याची जमीन खचते असं वाचलं, ते कसं?

उत्तर: पाचोऱ्याचे काका, गिरणा तापीलाच मिळते, त्यामुळे पूर्वी गेली असती, सगळी नाही पण बारीक तेवढी, पूर येईल तशी पुढं सरकत, वर्षानुवर्षं लावून. आता मात्र गिरणेची वाळू कुणी नाही उपसली तरी ती उकाईच्या शेपटाशी जाऊन थांबेल. म्हणून वाळू उपशाचा पहिला फटका समुद्राला नाही बसत, तुम्हालाच बसतो. पात्रातली वाळू म्हणजे पाणी धरून ठेवणारी जागा, ती गेली की काठच्या विहिरी आटतात, पुलांचे पाये उघडे पडतात. त्यासाठी समुद्राचं कारण शोधायची गरजच नाही, गावातलं कारण पुरेसं आहे, आणि उपसा थांबवायला गावांनी जो जोर लावलाय त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आता जमीन खचण्याचं. नदीच्या मुखाशी जो त्रिकोणी प्रदेश असतो तो सगळा नदीनं आणलेल्या गाळाचा. हा गाळ ओला, सैल असतो, स्वतःच्याच वजनानं दबत जातो, त्यामुळे अशी जमीन दरवर्षी किंचित खाली जातच असते. पूर्वी ती खाली गेली तेवढा वरून नवा थर मिळायचा. थर थांबला पण दबणं थांबत नाही, वरून समुद्राची पातळी वाढतेय, आणि लाटा तर रोज वाळू ओढून नेतातच. नाईलच्या रोझेटा मुखाशी किनारा असाच झपाट्यानं मागे गेला. पश्चिम आफ्रिकेत घानामध्ये १९६५ ला आकोसोंबो धरण झालं, तिकडे केटा गावाची किती घरं समुद्रानं घेतली. केटाला धूप आधीपासून होती पण धरणानं वाळूची आवक तोडल्यावर ती आणखी वाढली. आपल्याकडे आंध्रात काकीनाड्याजवळ उप्पाडा आहे, तिथे रस्ता परत परत बांधावा लागतो. गोदावरी-कृष्णेचा गाळ वरच्या धरणांत अडकतो, हे तिथल्या किनाऱ्याच्या दुखण्यामागचं एक मोठं कारण आहे.

पण सगळ्यात जास्त शिकण्यासारखं सिंधू नदीचं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १९५५ मध्ये पाकिस्तानात, मुखाच्या वर, कोटरीचं बॅरेज झालं, मग वर मंगला, १९७० च्या दशकात तारबेला, आणि दोन्ही बाजूंना कालव्यांचं जाळं. कोटरीच्या खाली पावसाळा सोडला तर कित्येक महिने नदीत पाणीच नसतं. थट्टा, बदीन, सुजावल या जिल्ह्यांत समुद्र आत शिरला, भातशेती खारवली, खारो छान आणि केटी बंदर भागातली गावं उठून कराचीकडे गेली. जी माणसं भात आणि लाल तांदूळ पिकवायची ती मजुरीला लागली. खारफुटीच्या जातीही कमी झाल्या, मीठ सहन करणारी एक जात तेवढी जोरात राहिली. तिकडे पाल्याला पल्लो म्हणतात, सिंधी लोकांचा जीव त्या माशावर. तो पूर्वी मुलतानपर्यंत चढायचा, १९३२ ला सक्करचं बॅरेज झालं तिथे अडला, मग कोटरीलाच अडला. १९९१ मध्ये पाकिस्तानच्या प्रांतांचा पाणीवाटप करार झाला तेव्हा सिंध प्रांतानं मांडलं की कोटरीखाली वर्षाला किमान १ कोटी एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी समुद्राकडे जायला हवं, आणि ते करारात नोंदलंही गेलं. म्हणजे समुद्राला पाणी द्या हे तिथे नुसत्या पर्यावरणवाल्यांनी नाही, मुखाजवळच्या प्रांतानंच मांडलं.

प्रश्न (चाळीसगाव): स्पष्टच विचारतो. नार-पार नद्यांचं पाणी अरबी समुद्रात जातं, ते गिरणेत आणावं म्हणून आम्ही इतकी वर्षं मोर्चे काढतोय. तुमच्यासारखे लोक आता मासे पुढं करून त्यात खोडा घालणार का?

उत्तर: नाही भाऊ, खोडा नाही घालणार. गिरणेला पाणी पाहिजे. चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याच्या माणसानं पाणी मागितलं म्हणून त्याला समुद्राचा शत्रू ठरवायचं हे मला कधीच मान्य नाही. गिरणा धरण भरणं हा अजूनही पावसाच्या मर्जीचा विषय आहे, ते भरलं नाही की शेतीचं आवर्तन जातं आणि पिण्याच्या पाण्याचं पण अवघड होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मनापासून म्हणतेय, की "वाया जातं" असं धरून हिशेब सुरू केला की उरलेलं सगळं त्यात शून्य होऊन जातं. नार-पार सुरगाणा-पेठच्या डोंगरातून निघून गुजरातेत वलसाडकडे समुद्राला मिळतात. तिथेही खाडी आहे, कोळीवाडे आहेत, आणि वर जिथे धरणं होणार तिथे आदिवासी गावं आहेत, त्यांच्या बुडिताचा प्रश्न तर समुद्राच्याही आधी येतो. योजनेच्या अहवालात किती टीएमसी उचलणार, किती हेक्टर भिजणार, किती कोटी लागणार हे असतं. मला त्यात आणखी एक पान पाहिजे: मुखाशी जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला आज किती पाणी जातं, योजनेनंतर किती जाईल, आणि तिथे काय जगतं. ते मोजलं तर कदाचित असंही निघेल की या नद्यांचा पावसाळ्यातला लोंढा एवढा मोठा आहे की त्यातून ठराविक वाटा उचलला तर खाडीला फार फरक पडणार नाही, पहिला पूर सोडून मधल्या पुरातलं उचललं तर आणखीच कमी. मग तुमचीच मागणी भक्कम होईल ना? मोजलंच नाही तर मात्र पुढे कोर्टकचेऱ्या, वर्षं जातात, आणि गिरणेला पाणी तेवढंच लांब.

आणखी एक बोलते, राग मानू नका. आपल्याकडे ठिबक खूप झालं, जळगाव जिल्ह्याचं नावच त्यावर आहे. पण ठिबकनं वाचलेलं पाणी नदीला परत गेलं का? नाही गेलं, आपण त्यावर आणखी एकर भिजवले, बोअर आणखी खोल नेले. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, कुणीही तेच करेल. पण नवीन पाणी आलं तरी तसंच होणार असेल तर वीस वर्षांनी आपण आणखी कुठल्यातरी नदीकडे बोट दाखवत असू, म्हणून आलेलं पाणी किती क्षेत्राला, कोणत्या पिकाला, हे आधीच गावांनी बसून ठरवावं असं मला वाटतं.

प्रश्न (जळगाव, नववीतली विद्यार्थिनी): अरबी समुद्र एवढा मोठा आहे. एका नदीचं पाणी कमी झालं तर त्याला कळणार पण नाही ना?

उत्तर: बाळा, आख्ख्या अरबी समुद्राला खरंच नाही कळणार. केरळ-कर्नाटकाकडे पावसाळ्यात वाऱ्यामुळे खोलातलं थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर खनिजं येतात, तिकडच्या तारली-बांगड्यांचं पोट बरंचसं त्यावर चालतं, तापीवर नाही. पण समुद्र सगळीकडे सारखा भरलेला नसतो. मधला मोठा भाग माशांच्या बाबतीत बराच ओसाड, आणि गजबज असते ती काठावरच्या अरुंद, उथळ पट्ट्यात, त्यातही नद्यांच्या तोंडाशी. खंबातचं आखात उथळ आणि चिंचोळं, तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी चढतं आणि उतरतं, आणि त्यात तापी, नर्मदा, मही, साबरमती येऊन मिळतात. त्या चारही नद्या आज अडवलेल्या आहेत. त्यामुळे तुझा प्रश्न एका नदीचा होता पण तिथे चौघींचं एकत्र झालंय.

प्रश्न (शिरपूर): मग उपाय काय? परदेशात माशांसाठी शिडी बांधतात म्हणे. आणि धरण पाडता येतं का?

उत्तर: शिडी ही मुळात सामन (सॅमन) या परदेशी माशासारख्या उड्या मारत चढणाऱ्या माशांसाठी निघाली. पाला उड्या मारणारा मासा नाही, बिचकणारा आहे, हात लागला तरी खवले झडतात आणि मरतो, त्यामुळे परदेशी शिडीचा नकाशा आणून आपल्याकडे बसवला तर पैसे जातील. गंगेवर १९७५ ला फरक्का बॅरेज झालं तेव्हापासून वरच्या बाजूचा इलिश जवळजवळ संपला, पूर्वी तो अलाहाबादच्याही पुढे जायचा.

धरण पाडता येतं, पाडलेलीही आहेत. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्यानं काढली, त्यामागे अडकलेला कोट्यवधी टन गाळ खाली आला, आणि काही वर्षांतच नदीच्या मुखाशी जिथे नुसते गोटे उरले होते तिथे वाळूचा नवा किनारा तयार झाला, खेकडे आणि बारीक मासे परत आले. सामन वर चढायला लागले. पण ती धरणं जुनी होती, त्यांच्यावर मोठं शहर किंवा लाखो एकर शेती अवलंबून नव्हती. उकाई किंवा हतनूर पाडा असं मी म्हणणार नाही, ते म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल.

आपल्याला लागू पडतं ते पाणी सोडण्याचं वेळापत्रक. कोलोरॅडो नदी कित्येक दशकं समुद्रापर्यंत पोचतच नव्हती, अमेरिका आणि मेक्सिकोनं करार करून २०१४ च्या वसंतात मुद्दाम एक पूर सोडला आणि मे महिन्यात ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन भिडलं. वर्षाच्या पाण्याच्या मानानं तो पूर छोटाच होता, तरी काठावर झाडं उगवली, पक्षी वाढले. आपल्या सरकारनंही २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी कोणत्या महिन्यात किती टक्के पाणी नदीत ठेवायचंच याची अधिसूचना काढली, पावसाळ्यात ३० टक्के, हिवाळ्यात २० टक्के असं. तापीसाठी हे करायचं तर मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात तिघांना बसावं लागेल, कारण खोऱ्याचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग आपला, पण मुख त्यांचं.

गाळाचं अवघड आहे. पुराच्या सुरुवातीला खालचे दरवाजे उघडून गाळासकट पाणी जाऊ द्यायचं ही पद्धत काही देशांत चालते, पण धरणाला तशी दारं आधीपासून असावी लागतात. हतनूरचा साठलेला गाळ शेतात नेणं चांगलंच आहे, जमीन सुधारते, धरणाची जागा मोकळी होते. समुद्राला त्यातून काही मिळत नाही तरी करा.

खतांचं मात्र आपल्या हातात आहे. नदीत सिलिका कमी आणि नत्र जास्त झालं की डायटम मागे पडतात आणि दुसऱ्याच, कधी विषारी, प्लवकांची लाट येते. डॅन्यूब नदीवर १९७२ ला मोठं धरण झालं, त्याच काळात वरची शेती भरमसाट खत टाकत होती, आणि काळ्या समुद्रात पुढे नुसता जेलीफिशचा सुळसुळाट झाला, मासेमारी कोसळली. तिथे धरण किती आणि खत किती यावर अजून वाद आहे, बोटींनी बेसुमार मासे काढले हेही आहेच. केळीला युरिया हात सैल सोडून टाकता त्यातला न शोषलेला भाग शेवटी तापीतच जातो, माती तपासून टाकलं तर तुमचेही पैसे वाचतात.

प्रश्न (शहादा, शाळेतल्या बाई): मुलांना समुद्र कधी बघायला मिळाला नाही. हे सगळं त्यांना इथे राहून कसं दाखवू?

उत्तर: बाई, सोपं आहे, प्रकाशा तुमच्या जवळच आहे. पहिला पूर आला की बॅरेजच्या वरचं आणि खालचं पाणी एकेक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरून आणा. मुलांना पात्राजवळ नेऊ नका, मोठ्या माणसाकडून बादली दोरीला बांधून काढून घ्या, पुराचा भरवसा नसतो. बाटल्या दोन दिवस न हलवता ठेवा आणि तळाला बसलेल्या थराची जाडी पट्टीनं मोजा. मग हेच पाणी सप्टेंबरच्या शेवटी परत घ्या आणि परत मोजा. बॅरेज उकाईसारखं मोठं नाही, पुरात दारं उघडी असली की वर-खाली फार फरक दिसणार नाही, तर तोही निकालच आहे, तसाच वहीत लिहा. सुरतेत कुणाचे नातेवाईक असतील, आणि शहाद्यात ते असतातच, तर त्यांना सिंगणपूरच्या कॉजवेजवळचं (तापीवरच्या बंधारा-पुलाजवळचं) पाणी त्याच आठवड्यात बाटलीत भरून ठेवायला सांगा, कारण तिथे उकाईतून गाळ बसून आलेलं पाणी असतं, आणि कॉजवेच्या पलीकडे भरतीचं पाणी सुरू होतं. तिन्ही बाटल्या एका ओळीत ठेवल्या की मुलांना फार सांगावं लागणार नाही. आकडे आणि फोटो आम्हाला पाठवा, दिवाळी अंकाच्या आधीच्या अंकात छापू, शाळेच्या नावासकट.